मीटरकाकांची दारं

ते कोणाच्याही दाराची बेल वाजवत नसत. फाटकात उभे राहून खणखणीत आवाजात म्हणत, "मीटर." आतून कोणीतरी पदराला हात पुसत बाहेर येई, सवयीने भिंतीवरच्या पेटीकडे बोट दाखवी आणि परत वळू लागे. मग ते म्हणत, "वहिनी, मीटर नाही. गणपती."

तीस वर्षं वीज खात्यात मीटर वाचल्यावर दारात उभं राहिलं की दुसरा शब्दच तोंडात येत नाही, असं ते सांगत. मला ते कधी पटलं नाही. बेल वाजली की माणूस आधीच 'नको' म्हणायच्या तयारीने दार उघडतो आणि 'मीटर' ऐकलं की घरचंच काम म्हणून उघडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सिडकोतल्या आमच्या कॉलनीत सगळे त्यांना मीटरकाका म्हणत. मी तेच नाव वापरतो.

आमच्या संस्थेच्या स्मरणिकेत मूर्तिदानाच्या कामाचा इतिहास दोनदा छापून आला. दोन्ही वेळा तो मीच लिहिला. दोन्हींत एक वाक्य आहे : 'एका ज्येष्ठ कार्यकर्त्याच्या हलगर्जीपणामुळे एका वर्षी या उपक्रमाला गालबोट लागले.' तो ज्येष्ठ कार्यकर्ता म्हणजे मीटरकाका, हे वाचणाऱ्या प्रत्येकाला कळत होतं. ते वाक्य खोटं आहे. मी आता ऐंशीच्या घरात आहे, म्हणून हे आणखी पुढे ढकलत नाही.

संस्था म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक खोली, दोन कपाटं आणि नदीची काळजी वाटणारी पंधरा-वीस माणसं. नव्वदच्या दशकात सातपूरच्या कारखान्यातून मी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि वर्षभरातच तिचा कार्यवाह झालो. कारण मला टायपिंग येत होतं. आम्ही घरोघर जाऊन सांगत असू की प्लास्टरचे गणपती गंगेत सोडू नका, ते विरघळत नाहीत. विसर्जनाच्या दिवशी आरती करून आमच्याकडे द्या, आम्ही त्यांचं शहराबाहेरच्या जुन्या खाणीतल्या पाण्यात विसर्जन करू. नाशिकचा माणूस गोदावरीला गंगा म्हणतो. त्याला त्याच्या दारात उभं राहून 'गंगेत सोडू नका' म्हणणं किती अवघड असतं, ते केल्याशिवाय कळत नाही. पहिल्या वर्षी मला एका गृहस्थांनी विचारलं होतं, "तुम्ही नक्की हिंदूच ना?" मी पत्रक पुढे केलं. त्यांनी ते घेऊन त्यावर पानाची पिंक टाकली.

मीटरकाका पत्रक नेत नसत. "कागद दिला की माणूस कागदाशी बोलतो, माझ्याशी नाही," असं त्यांचं म्हणणं. आणखीही नियम होते. उंबरठा ओलांडायचा नाही. दारापुढच्या पायरीच्याही एक पायरी खाली उभं राहायचं, म्हणजे समोरचा आपल्यापेक्षा उंच होतो आणि उंच झालेला माणूस जरा मऊ बोलतो. चहा घ्यायचा नाही, पाणी मागून प्यायचं. आणि 'पर्यावरण' हा शब्द उच्चारायचा नाही. कॉलेजच्या मुली आमच्याबरोबर फिरत. त्यांच्यापैकी एकीने कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "बाई, तो शब्द ऐकला की लोक उभे राहतात, टाळ्या वाजवतात आणि घरी जातात."

घरं त्यांना माणसांच्या नावांनी आठवत नसत, मीटरवरून आठवत. दारात गेल्यावर आधी नजर पेटीकडे जाई. एकदा मी हाक मारणार तोच त्यांनी माझा दंड धरला.

"थांबा कार्यवाह. चकती बघा कशी पळतेय."

"मग?"

"इस्त्री चालू आहे. इस्त्री करणाऱ्या माणसाला नदीबद्दल विचारू नये. आधी शेजारी जाऊन येऊ."

शेजारी जाऊन आलो तेव्हा चकती संथ झाली होती. ते गृहस्थ कडक कपड्यांत आणि चांगल्या मनःस्थितीत होते. लगेच हो म्हणाले.

खिशातल्या वहीत ते खात्यातल्यासारखेच शेरे मारत. 'घर बंद' म्हणजे घर बंद. 'मीटर बंद' म्हणजे माणूस घरात आहे पण ऐकायचं थांबला आहे. सगळ्यात जास्त वेळा येणारा शेरा होता, 'रीडिंग पुढच्या खेपेला'. नकार हा शब्द त्या वहीत नव्हता. मी एकदा चेष्टेने विचारलं, की काका, देव मानता का तुम्ही? ते म्हणाले, "माझं काम बाहेरच्या पेटीपर्यंत. आत काय चालतं ते मी तीस वर्षांत कधी वाचलं नाही."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक आजी होत्या. जिभेने तिखट आणि कानाने तरुण. त्यांच्या दारात मी दोन वर्षं हरलो होतो. मीटरकाकांनी सगळं सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "देते बापा तुला गणपती. मग पाटावर वाळू कुठून आणू?"

मी मध्ये बोललो, "वाळूचं काय, आजी?"

"हा बघ, निघाला नदी वाचवायला. अरे, गणपती सोडून आलं की पाट रिकामा घरात आणत नाहीत. गंगेची मूठभर वाळू आणतात त्यावर. तुझ्या आईने शिकवलं नाही?"

शिकवलं होतं, पण तीन वर्षं दारोदार फिरताना मला ते एकदाही आठवलं नव्हतं.  मीटरकाकांनी वही काढून शेरा मारला आणि नमस्कार करून निघाले. आठ दिवसांनी ते त्याच दारात गेले ते रॉकेलच्या जुन्या डब्यात गंगेची वाळू घेऊन. धुतलेली, चाळलेली, उन्हात वाळवलेली. आजींनी चिमूटभर तळहातावर घेऊन बोटाने फिरवली.

"रामकुंडाच्या खालची आहे ना?"

"वरची. खालची मला आवडली नाही."

आजी हसल्या. त्या वर्षी त्यांनी गणपती दिला आणि त्यांच्या पाठोपाठ सगळ्या गल्लीने दिला. पत्रकांनी जे झालं नाही ते डबाभर वाळूने झालं. त्यानंतर दर विसर्जनाला मीटरकाका एका हाताने मूर्ती घेत आणि दुसऱ्या हाताने पाटावर वाळू ठेवत.

दारापासून टेम्पोपर्यंत मूर्ती वाहायला हातगाडी असे, खाली गवताची गादी घातलेली. ती गाडी कॉलनीतल्या एका बौद्ध कुटुंबाची. त्यांच्या दारातही मीटरकाका पहिल्याच वर्षी गेले होते. घरचे गृहस्थ म्हणाले होते, "काका, आमच्याकडं गणपती नसतो."

"माहीत आहे. पाणी तर गंगेचंच भरता ना?"

"मग मी काय देऊ?"

"मागे हातगाडी उभी आहे, ती द्या."

ते गृहस्थ दर वर्षी गाडीच्या चाकांना वंगण घालून तयार ठेवत आणि म्हणत, "तुमच्या देवाला आमच्याच गाडीची सवय लागली आता."

मीटरकाकांची आणखी एक खोड होती आणि तिच्यामुळेच पुढे सगळं उघड झालं. मूर्ती हातात आली की ते सुताराच्या पेन्सिलीने मूर्तीच्या बैठकीला मागच्या बाजूने त्या घराच्या मीटरचे शेवटचे चार आकडे लिहीत. खाणीवर एकेक मूर्ती हातात घेऊन ते आकडे मोठ्याने वाचत आणि मगच पाण्यात सोडत. मी म्हणायचो, काका, टेम्पोभर मूर्ती आहेत, एवढा वेळ कोणाला आहे. ते म्हणायचे, "सगळ्यांना एकदम सोडलं तर कोणालाच सोडलं नाही असं होतं. मी दारात सांगितलंय, तुमचा गणपती मी हाताने सोडीन म्हणून. मोघम सांगितलेलं नाही."

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. त्या वर्षी एकट्या आमच्या कॉलनीतून दोनशेच्या वर मूर्ती आल्या. अनंत चतुर्दशीला दुपारपासून पाऊस होता. टेम्पो भरला, पण एका घरची आरती व्हायची होती. त्यांचा मुलगा घोटीहून यायचा होता आणि बस उशिरा होती. मीटरकाका म्हणाले, "मी त्यांच्यासाठी थांबतो, त्यांचा गणपती रात्री सायकलवरून नेऊन सोडतो. कार्यवाह, तुम्ही टेम्पोबरोबर जा. एकेक करून हाताने सोडा. मी शब्द दिलेला आहे."

मी हो म्हणालो.

खाणीपाशी पोचलो तेव्हा दिवस मावळायला तासभर होता. खाली पाण्यापर्यंत जाणारी वाट चिखलाने भरली होती. टेम्पोवाला पिंपळगाव बसवंतचा, एरवी द्राक्षं वाहणारा. त्याने खाली उतरून पाहिलं आणि मान हलवली.

"साहेब, गाडी फसंल. म्या नाय घालणार खाली."

"मग हातात घेऊन जाऊ. दोघं आहोत."

"दोनशे हायेत साहेब. तुमचं वय काय, माझा पाठीचा मणका काय. मला सकाळी माल भरायचाय."

तो चुकीचं बोलत नव्हता. पण मी त्याला थांबवू शकलो असतो, जवळच्या खडी क्रशरवरची माणसं बोलावू शकलो असतो. माझे बूट भिजले होते, पोटऱ्या दुखत होत्या. मी म्हणालो, "उतरवा इथेच, क्रशरच्या भिंतीमागे. वर ताडपत्री घाला. सकाळी येऊन सोडतो."

सकाळी मी गेलो नाही. सकाळी संस्थेत वार्ताहर आले होते आणि त्यांना मी सांगितलं, की सर्व मूर्तींचं विधिवत विसर्जन झालं. मला ते खोटं वाटलं नाही, कारण दुपारी मी जाणारच होतो. दुपारी मुलीला बघायला पाहुणे आले. दुसऱ्या दिवशी अंग कणकण करत होतं. मीटरकाका भेटले, त्यांनी विचारलं, "सगळं नीट झालं ना?" मी म्हणालो, "झालं." उद्या करायचं काम आज झालंच आहे, असं समजून वागायची माझ्यासारख्या कार्यवाहांना सवय असते. कागदावर ते झालेलं असतं.

तिसऱ्या दिवशी वाऱ्याने ताडपत्री उडाली. चौथ्या दिवशी वर्तमानपत्रात फोटो आला. भिंतीमागे चिखलात दाटीने ठेवलेले गणपती, काही आडवे झालेले. पाठमोऱ्या मूर्तींवर पेन्सिलीचे आकडे स्पष्ट दिसत होते. कॉलनीत त्या आकड्यांचं अक्षर कोणाला ओळखू येणार नव्हतं?

मीटरकाकांनी पेपर वाचला, घडी घातली आणि सायकल काढली. क्रशरवरच्या दोन मजुरांना हाताशी धरून त्यांनी संध्याकाळपर्यंत प्रत्येक मूर्ती पुसली, खाली नेली, आकडे वाचले आणि पाण्यात सोडली. हे मला नंतर समजलं.

त्याच आठवड्यात संस्थेची बैठक झाली. अध्यक्षांनी विचारलं, "ही जबाबदारी कोणाची होती?"

मी म्हणालो, "त्या कॉलनीचं सगळं मीटरकाका बघतात."

त्यात एकही शब्द खोटा नव्हता. टेम्पो सुटला तेव्हा पावसामुळे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं; त्या दिवशी टेम्पोबरोबर कोण गेलं हे आम्हा दोघांशिवाय आणि टेम्पोवाल्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. मीटरकाकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मीटरची काच धुरकट असली की ते जसे डोळे बारीक करून बघत, तसं पाहिलं. मग म्हणाले, "हो. दारं माझी होती."

त्यांना कामावरून बाजूला करण्याचा ठराव झाला. इतिवृत्त मी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कॉलनीत निघाले. मी खिडकीतून पाहिलं आणि चपला घालून मागे गेलो. वाटलं, वाटेत सांगू. पहिल्या दारात ते खालच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा गणपती त्या दिवशी पाण्यात गेला नाही. चार दिवस उघड्यावर होता. परवा मी स्वतः सोडला. मी दिलेला शब्द पाळला गेला नाही, ते सांगायला आलो." एवढंच. कारण नाही, क्षमा नाही, पावसाचं नाव नाही. मग पुढचं दार.

सगळी घरं व्हायला पाच दिवस लागले. पाचही दिवस मी त्यांच्या बाजूला उभा होतो. म्हणजे 'ते नव्हते, मी होतो' एवढं म्हणण्याची संधी मला दोनशे वेळा मिळाली. प्रत्येक दारात मला वाटे, पुढच्या दारात सांगू. लोक मलाच मान देत. "तुम्ही तरी सोबत आलात," असं एकजण म्हणाले. एका घरी तरुण मुलाने काकांच्या शर्टाला हात घातला. त्याच्या वडिलांनी त्याला मागे ओढला. आजींच्या घरी त्यांच्या सुनेने काकांचं बोलणं पुरं व्हायच्या आत दार लावून घेतलं. आतून आजींचा आवाज आला, "उघड गं. पेपरात सगळ्यांनी वाचलं, पण सांगायला हा एकटाच आला." दार उघडलं नाही. मीटरकाकांनी वही काढली आणि शेरा मारला. कोणता, ते मी पाहिलं नाही.

पुढच्या वर्षी संस्थेने आमची कॉलनी वगळली. मीटरकाका एकटेच फिरले. सात-आठ घरांनी मूर्ती दिल्या, त्याही 'खाणीवर आम्ही बरोबर येणार असू तर' या अटीवर. बाकीच्यांनी नाही म्हटलं. पण नाही म्हणणाऱ्यांतल्या आजी फाटकापर्यंत चालत आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्यावर आता आमचा विश्वास नाही. गंगेवरही जाणार नाही, पायाखाली हात-पाय लागतात गणपतीचे. आम्ही शाडूचा आणलाय. घरीच बादलीत करणार."

मीटरकाकांचा चेहरा असा उजळला की आजींना वाटलं त्यांना चक्कर येतेय.

"आणि ते पाणी?"

"जास्वंदीला. तू काय मोरीत ओतशील?"

दोन-तीन वर्षांत निम्म्या कॉलनीने आजींचं पाहून तेच केलं. मीटरकाका मग विसर्जनाच्या दिवशी नुसते फेरी मारत आणि अंगणांतल्या बादल्या मोजत. भेटले की सांगत, "काम संपलं कार्यवाह. आता आपली कोणाला गरज नाही." इतका समाधानी बेकार माणूस मी दुसरा पाहिला नाही. मला काही जण म्हणतात, चुकीतून चांगलंच झालं की. मला ते समाधान घेता येत नाही. चांगलं झालं ते आजींमुळे आणि पाच दिवस दारं झिजवणाऱ्या माणसामुळे. मी फक्त चूक पुरवली.

चार-पाच वर्षांनी मी त्यांच्याकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ते ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी हात थांबवला नाही.

"माहीत आहे," ते म्हणाले. "पेपरात फोटो आला त्याच दिवशी टेम्पोवाल्याला फोन केला होता."

"मग बैठकीत बोलला का नाहीत?"

"लोकांना शब्द मी दिला होता. तुम्ही कुठे दिला होता?" त्यांनी एक खडा काढून अंगणात टाकला. "आणि हे मला कशाला सांगताय? ज्याला माहीत आहे त्याला सांगणं सोपं असतं. बसा, पाणी आणतो."

मी पाणी प्यायलो आणि घरी आलो. त्यानंतरही आम्ही बरीच वर्षं भेटत राहिलो, गप्पा मारत राहिलो. त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही आणि मीही नाही. ते गेले तेव्हा मी शोकसभेत चांगलं बोललो. हेही नोंदवून ठेवतो, कारण चांगलं बोलणं मला नेहमीच जमत आलं आहे.

गेल्या श्रावणात मी त्यांच्या सांगण्याप्रमाणे, ज्यांना माहीत नाही त्यांना सांगायला निघालो. बरीच घरं विकली गेली आहेत, काहींच्या जागी चार मजले उभे आहेत. जुनी माणसं असलेली घरं शोधत पहिल्या दिवशी आजींच्या घरी गेलो. आजी आता नाहीत. सुनेने दार उघडलं; तिचेही केस पिकले आहेत. मी सुरुवात केली. आधी संस्थेचं सांगितलं, मग पावसाचं, मग टेम्पोचं, वाटेतल्या चिखलाचं. ती दाराला टेकून ऐकत राहिली. शेवटी खाणीपर्यंत आलो आणि तेव्हा दोनशे दारांत न निघालेलं ते एक वाक्य उच्चारलं.

ती दारापासून सरळ झाली.

"मी त्यांच्या तोंडावर दार लावलं होतं," ती म्हणाली.

"हो. मी शेजारीच उभा होतो."

"दिसला होतात. चांगलं आठवतंय." मग तिने विचारलं, "आणखी किती घरी जायचंय?"

"जुनी अशी तीसेक असतील."

"आणि सगळीकडे एवढं लांबण लावणार? भाऊ, तुमचं वय बघा. चौथ्या घरापर्यंत पोचायचे नाहीत." ती आत गेली, गॅस बंद केल्याचा आवाज आला आणि चपला घालून ती बाहेर आली. "चला."

शेजारच्या वहिनी अंगणात कपडे वाळत घालत होत्या. मी घसा साफ केला. तिने मला हातानेच थांबवलं.

"वहिनी, ते खाणीवरच्या गणपतींचं आठवतं ना? आपण मीटरकाकांना बोल लावला ते? ते काका नव्हते हो. हे होते."

वहिनींनी हातातलं ओलं लुगडं तसंच खांद्यावर टाकलं आणि माझ्याकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी मान खाली घातली नाही.

"हो," मी म्हणालो. "मी होतो."